अपयशाचा भार कोणावर?

उद्योगधंद्यातील अपयशाविषयी मराठी समाजात आज दोन मते शेजारी शेजारी नांदत आहेत. एक मत घरात बोलले जाते आणि दुसरे व्यासपीठावर. घरातले मत असे की धंदा हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे; त्यात जो बुडतो त्याच्या ठायी कुवत, सचोटी किंवा नशीब यांपैकी काहीतरी उणे असलेच पाहिजे, आणि म्हणून शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये. व्यासपीठावरचे मत नेमके उलट आहे: अपयश ही यशाची पहिली पायरी होय, पडल्यावाचून कोणी घडत नाही, तेव्हा उद्योजक होऊ पाहणाऱ्याने अपयशाचे स्वागतच करावे. पहिल्या मताने अपयशाला कलंक ठरवले, दुसऱ्याने अलंकार ठरवले. प्रस्तुत लेखात दोन्ही मतांचे खंडन करावयाचे आहे, कारण वरवर विरोधी दिसणाऱ्या या मतांच्या मुळाशी एकच चुकीची समजूत आहे. अपयश ही त्या एका माणसाची खासगी बाब आहे असे दोन्ही मते धरून चालतात. एक मत ते त्याच्या कपाळी लिहिते, दुसरे त्याच्या मनोवृत्तीवर सोपवते. वस्तुतः धंद्यातले अपयश ही पैशात, आयुष्याच्या वर्षांत आणि माणसांच्या परस्परविश्वासात मोजली जाणारी किंमत असते, आणि ती कोणी, किती व कोठवर भरायची हे ठरवणारे कायदे, रूढी व संस्था जेथे धड असतात तेथेच अपयश हे उद्योजक घडण्याचा भाग होऊ शकते.

विवेचनाच्या सोयीसाठी अपयशाच्या तीन पातळ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रयोग फसणे ही पहिली पातळी, तयार झालेला माल बाजारात न खपणे ही दुसरी, आणि नादारी ही तिसरी. नादारी म्हणजे देण्याची तारीख येऊन ठेपली असता ते देणे भागवण्याची ऐपत न उरणे. पहिल्या दोन पातळ्यांवरची अपयशे चालत्या उद्योगाच्या नित्य व्यवहारातही येतच असतात; माणसाला उठू देत नाही ती तिसरी. व्यासपीठावरचे दाखले मात्र बहुधा पहिल्या पातळीवरचे असतात आणि ते तिसऱ्या पातळीची भीती घालवण्यासाठी दिले जातात. थॉमस एडिसनने विजेच्या दिव्यासाठी असंख्य तंतू जाळून पाहिले हे खरे, परंतु ते जाळण्यासाठी १८७८ साली स्थापन झालेल्या कंपनीत इतरांनी घातलेले भांडवल त्याच्या हाताशी होते, आणि एक तंतू जळाला म्हणून त्याच्या घरावर जप्ती येणार नव्हती. फसलेला प्रयोग आणि थकलेला हप्ता या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि एकीचा दाखला दुसरीला लावणे हा तर्कदोष आहे.

घरातल्या मताचा पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढावयाचे मत, त्याच्या पूर्ण बळानिशी आधी मांडला पाहिजे, कारण हे मत भ्याडपणातून जन्मलेले नाही. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले गेले होते, आणि मद्य, जुगार अशा अनैतिक कारणांसाठी काढलेले कर्ज वगळता हे कर्तव्य न्यायालयेही अंमलात आणीत. मुंबई इलाख्यात तर ही जबाबदारी वडिलांची मालमत्ता हाती आली असो वा नसो, मुलाच्या माथी येत असे. १८६६च्या कायद्याने ती वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. याला एक उतारा रूढीतच होता. दामदुप्पट नावाच्या नियमानुसार मुद्दल व थकलेले व्याज मिळून मुद्दलाच्या दुपटीहून अधिक रक्कम सावकाराला एका वेळी मागता येत नसे. पण जुने कर्जखत फाडून व्याज मुद्दलात मिळवलेले नवे खत लिहून घेतले की हा उतारा निकामी होई. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडच्या या कर्जखतांवर होता, त्याचे कारण हेच. त्या उठावानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची प्रथा बंद केली, याचा अर्थ तोवर ती चालू होती. कर्ज बुडाले तर ऋणको तुरुंगात आणि त्याच्यामागे मुले त्या कर्जाला बांधलेली, अशा व्यवस्थेत वाढलेल्या आजोबांनी नातवाला नोकरीचा सल्ला दिला असेल, तर त्यात धाडसाचा अभाव शोधणे अन्यायाचे आहे. जो समाज पिढ्यानपिढ्या पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकीत आला, त्याला जोखीम ठाऊक नाही असे म्हणणे तर त्याहून अन्यायाचे. तो सल्ला म्हणजे त्या काळच्या कायद्याचा केलेला बिनचूक हिशोब होता.

चूक घडली ती पुढच्या टप्प्यावर. जी गोष्ट व्यवस्थेतून आली होती ती स्वभावातून आली असे मानले गेले, आणि कायदे बदलल्यानंतरही स्वभावाचे ते निदान तसेच राहिले. बुडालेल्या माणसाला आपोआप बुडवा ठरवण्याची सवय समाजाला लागली. ही समजूत किती निराधार आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, त्या पैशातून कंपन्या व बँका भराभर निघाल्या, बॅक बेचा समुद्र हटवण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या भागांवर सट्टा चालला, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ला, म्हणजे वायद्याच्या सौद्यांची पूर्तता करण्याच्या दिवशी, हा सारा डोलारा कोसळला. त्या वेळी सव्वीस वर्षांचे जमशेटजी टाटा लंडनमध्ये होते आणि त्यांच्याजवळच्या कापसाच्या हुंड्यांना काही मोल उरले नव्हते. त्यांनी धनकोंपुढे आपली स्थिती काहीही न लपवता मांडली, आणि त्या धनकोंनी महिना वीस पौंड वेतनावर त्यांनाच त्यांच्या पेढीचे अवसायक नेमले; अवसायक म्हणजे बुडालेल्या पेढीची मालमत्ता विकून देणी वाटून देणारा अधिकारी. वडील नसरवानजी यांना घर विकावे लागले, तरी १८६८च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत लष्कराला सामग्री पुरवण्याच्या कंत्राटातून घराणे पुन्हा उभे राहिले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८६५ साली जमशेटजींना बुडवा म्हणून कोठडीत घातले असते तर ही गिरणी निघाली नसती. त्यांच्या अंगच्या गुणांविषयी वाद नाही. परंतु ते गुण दिसण्याइतका अवकाश धनकोंनी ठेवला, हा या कथेचा सहसा न सांगितला जाणारा अर्धा भाग आहे.

आता व्यासपीठावरचे मत. या मताचा आवडता मराठी दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आहे, आणि तो पुढीलप्रमाणे सांगितला जातो: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असता त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळले, म्हणून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांना बढती नाकारली गेली, म्हणून ते बेळगावला येऊन सायकलींच्या दुकानात लागले. त्यांचा लोखंडी नांगर कोणी घेईना, तरी ते डगमगले नाहीत. शेवटी बेळगावची जागा गेली, म्हणून किर्लोस्करवाडी झाली. यात घटना खऱ्या आहेत, फक्त ‘म्हणून’ हा दुवा खोटा आहे. रंगांधळेपणातून नांगर निघत नाही. त्या प्रत्येक पडझडीच्या वेळी खाली कोणीतरी हात धरलेला होता, आणि कथा सांगताना तेवढा हात वगळला जातो.

नांगराचेच प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. १९०३च्या सुमारास तयार झालेला लोखंडी नांगर लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता, परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षे न खपणारा माल म्हणजे त्यात अडकलेले लोखंड, कोळसा, मजुरी व व्याज. ज्याच्याजवळ दुसरी मिळकत नाही त्या कारखानदाराचा अंत अशा काळात दोन-चार महिन्यांतच होतो. येथे बंधू रामुअण्णांसह उभारलेले सायकलींचे दुकान आणि कडबा कापण्याची यंत्रे हा आधार होता. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाच्या रानात वसाहतीला आरंभ झाला. लक्ष्मणरावांची चिकाटी या सर्वांत होतीच, पण संस्थानाच्या तिजोरीने जोखमीचा वाटा उचलला नसता, तर ती चिकाटी बेळगावच्या एखाद्या सावकाराच्या दप्तरात थकबाकी म्हणून नोंदली गेली असती.

चिकाटी, बुद्धी आणि पुन्हा पुन्हा उभे राहण्याची वृत्ती एवढ्यानेच भागत असते, तर धुंडिराज गोविंद फाळके यांचा शेवट वेगळा झाला असता. १९१२ साली त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले, सरस्वतीबाईंचे दागिने कर्जापायी तारण पडले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होऊन एका उद्योगाचा पाया घातला गेला. भागीदारांशी मतभेद, काशीचा मुक्काम, नाशिकच्या कंपनीत पुनरागमन, बोलपटांचे आगमन आणि १९३७ सालचा ‘गंगावतरण’ अशा अनेक पडझडींतून ते गेले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निधन पावले तेव्हा हलाखीत होते. त्यांच्या अपयशांना पायऱ्या म्हणणाऱ्याने त्या पायऱ्या कोठे पोहोचल्या हे सांगितले पाहिजे. या इतिहासात आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. जेथे दुसरे कोणतेही संरक्षण नसते तेथे कुटुंब हीच विमा कंपनी होते, आणि हप्ता भरते ती घरातली बाई, तिच्या स्त्रीधनातून. उद्योजकाने अपयशाचे स्वागत करावे असे सांगणाऱ्याने ते कोणाच्या दागिन्यांवर करायचे हेही सांगावे.

अपयश आपोआप शिकवते, या समजुतीलाही फारसा पुरावा नाही. हार्वर्डच्या पॉल गोम्पर्स आणि सहकाऱ्यांनी साहसभांडवलावर, म्हणजे जोखीम पत्करून नव्या कंपन्यांत गुंतवल्या जाणाऱ्या भांडवलावर, निघालेल्या अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. पूर्वी यशस्वी झालेल्या संस्थापकाला पुन्हा यश येण्याची शक्यता इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. पूर्वी अपयशी झालेल्याची शक्यता मात्र अगदी नवख्यापेक्षा जेमतेमच वरचढ होती. यावरून अपयशी माणसाला दुसरी संधी देऊ नये असा अर्थ काढणे चूक ठरेल. संधी द्यावी, परंतु अपयशाच्या अंगी काही गूढ गुण असतो म्हणून नव्हे. ते ज्ञानात रूपांतरित करावे लागते, आणि ते करण्याला वेळ, नोंदी व माणसे लागतात.

हे रूपांतर कसे घडते हे पाहण्यासाठी स्वदेशीच्या काळातील काचधंद्याइतके चांगले क्षेत्र दुसरे नाही. वाळू, सोडा व चुना एकत्र वितळवून काच होते, एवढे कोणत्याही पुस्तकात सापडे, आणि त्या भरवशावर देशात अनेक कारखाने निघाले व त्यांतले पुष्कळसे थोड्या वर्षांत बंदही पडले. अडचण पुस्तकाबाहेर होती. वितळणारा माल ज्या मुशीत ठेवायचा ती मूस उष्णता सोसणाऱ्या खास मातीची असते, ती महिनोन्‌महिने सावलीत वाळवावी लागते, आणि भट्टीत चढवतानाही आच हळूहळू वाढवीत न्यावी लागते. त्यात घाई झाली तर हजार अंशांच्या कितीतरी वर तापलेल्या भट्टीत मूस तडकते, काचरस भट्टीच्या तळाशी सांडतो, आणि मूस व माल तर जातोच, पण भट्टी दुरुस्त होईपर्यंतचे दिवसही जातात. तयार झालेली वस्तू धिम्या गतीने थंड केली नाही तर ती मागाहून, कधी गिऱ्हाइकाच्या हातात, आपोआप फुटते. कोळसा दुरून आणायचा, सोडा परदेशातून, आणि फुंकणीवर काच फुगवणारे कसबी कारागीर बहुधा बाहेरचे, ज्यांनी आपली कला शिकवण्याचे काही बंधन नव्हते. अशा धंद्यात एकेकटा कारखाना बुडतो तेव्हा फुटलेल्या मुशींबरोबर त्या का फुटल्या याची माहितीही बुडते. कारागीर पांगतात, वह्या रद्दीत जातात, आणि पुढचा स्वदेशीभक्त तीच माती, तीच घाई आणि तेच नुकसान पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या पैसाफंडाने नेमक्या या दुखण्यावर इलाज केला. दरडोई एक पैसा, म्हणजे तेव्हाच्या रुपयाचा चौसष्टावा भाग, अशा वर्गणीतून हा निधी गोळा होत असे, त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना निघाला. अमेरिका व जपान येथे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले तज्ज्ञ. हा कारखाना विद्यालयासारखा चालवण्याचा हेतू होता. नफा मिळवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व काचकाम जाणणारी माणसे तयार करण्याला होते, आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशात ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना उभारला. या रचनेत दोन गोष्टी एकदम साधल्या. तळेगावच्या भट्टीत मूस तडकली तरी तिची झळ कोणा एका माणसाच्या घरादाराला लागत नव्हती, कारण तोटा हजारो माणसांत पैशापैशाने विभागलेला होता. आणि ती का तडकली हे पाहणारे विद्यार्थी भोवती उभे होते, जे ते ज्ञान दुसऱ्या भट्टीवर घेऊन जाणार होते. अपयश उद्योजक घडवते हे वाक्य खरे ठरण्याच्या या दोन अटी आहेत: तोटा सोसण्याजोगा वाटला गेला पाहिजे, आणि त्यातून आलेले ज्ञान त्या उद्योगाच्या मरणानंतरही कोणाच्या तरी हाती उरले पाहिजे.

पैसाफंडाने वर्गणीतून जे साधले ते भागभांडवलाच्या कंपनीत मर्यादित जबाबदारीच्या तत्त्वाने साधते. या तत्त्वानुसार कंपनी बुडाली तर भागधारकाचे तिच्यात घातलेले भांडवल जाते, परंतु त्याचे घर व शेत धनकोंना घेता येत नाही. इंग्लंडमध्ये हा कायदा १८५५ साली झाला आणि १८५७ साली भारतात आला. सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली ती याच तत्त्वाच्या आधाराने. तिचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र हे जुने जहाज पांढरा हत्ती ठरले आणि १९२३ साली मोडीत निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून चालवलेल्या स्पर्धेत सिंधिया जगली याचे एक मोठे कारण असे की तोटा एका घराण्याच्या अंगावर नव्हता, तो अनेक भागधारकांत वाटला गेला होता.

या कसोट्या आजच्या महाराष्ट्राला लावून पाहिल्या की व्यासपीठावरच्या उपदेशाची पोकळी उघडी पडते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील, मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराची स्थिती विचारात घ्यावी. सीएनसी मशीन कर्जावर घेतलेले, कॅश क्रेडिट खात्याला राहते घर तारण, आणि मेहुणा किंवा मित्र जामीनदार. सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे आणि न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असे २००६चा कायदा सांगतो. परंतु त्या कायद्याखाली तक्रार केली तर पुढची ऑर्डर मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे कारखानदार गप्प राहतो. पैसे अडकतात, हप्ता थकतो, ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते, आणि २००२च्या सरफेसी कायद्याखाली बँकेची ६० दिवसांची नोटीस घराच्या दारावर येते. त्याच सुमारास कच्चा माल देणाऱ्या व्यापाऱ्याने हमी म्हणून घेऊन ठेवलेला कोरा धनादेश बँकेत लावला जातो आणि तो न वटल्यामुळे कलम १३८ची केस उभी राहते, जिच्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथे फसवणूक कोणीच केलेली नाही. माल चांगला होता, तो पोहोचला होता, फक्त पैसे वेळेवर आले नाहीत. तरीही हा माणूस पोलीस ठाणे, न्यायालय आणि नातेवाइकांचे उंबरे यांच्यामध्ये भेलकांडत राहतो. त्याला अपयशाचे स्वागत करण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे.

याउलट, साहसभांडवलावर चालणाऱ्या कंपनीचा तरुण संस्थापक बुडतो तेव्हा बुडणारे भांडवल बहुतांशी गुंतवणूकदारांचे असते आणि घरावर सहसा बोजा नसतो. त्याने अपयशाविषयी मोकळेपणाने बोलणे योग्यच आहे, परंतु त्याचा अनुभव सर्व उद्योजकांचा अनुभव म्हणून सांगितला जातो तेव्हा अनर्थ होतो. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली आणि कंपन्यांच्या नादारीचा निकाल मुदतीत लावण्याची व्यवस्था झाली. त्याच संहितेचा तिसरा भाग व्यक्ती व भागीदारी संस्था यांच्यासाठी आहे. तो मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. म्हणजे हमीदारावर कारवाई करण्याचा मार्ग उघडला, पण स्वतःच्या नावाने कारखाना चालवणाऱ्या मालकाला सन्मानाने मोकळे होण्याचा मार्ग अजून १९०९ आणि १९२०च्या जुन्या कायद्यांतूनच शोधावा लागतो. पित्याच्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाला जबाबदार धरण्याची तरतूद २००५च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती संपली; तथापि, बँकेने मुलाची सही जामीनदार म्हणून घेतली की तेच जुने ओझे करारातून परत येते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. अपयश स्वस्त केले तर लबाडी वाढेल, कर्ज बुडवून नामानिराळे राहण्याची सोय होईल, आणि किंमत अखेर ठेवीदार, पुरवठादार व कामगार यांना मोजावी लागेल. या आक्षेपातील दुसरा भाग पूर्णतः मान्य केला पाहिजे. कारखाना बंद पडतो तेव्हा थकलेला पगार हा त्या अपयशाचा सर्वांत दुःसह भाग असतो, आणि पुरवठादार स्वतःही बहुधा तितकाच लहान उद्योजक असतो. कंपनीचे अवसायन होते तेव्हा कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जातात हे संहितेने योग्यच केले; बिनतारणी पुरवठादार मात्र रांगेत फार मागे उभा राहतो. म्हणून आपल्या अपयशाचा अभिमान मिरवणाऱ्या संस्थापकाने प्रथम कामगारांचे शेवटचे पगार दिले की नाही हे सांगावे, अशी अपेक्षा रास्त आहे. आक्षेपाचा पहिला भाग मात्र टिकत नाही. प्रामाणिक नादारी आणि फसवणूक यांत फरक करता येतो, आणि तो कायद्याने पूर्वीपासून केला आहे: दिवाळे काढण्यापूर्वी मर्जीतल्या एकाच धनकोचे देणे चुकवले, मालमत्ता नातेवाइकांच्या नावे केली किंवा हिशोब दडवले, तर ते व्यवहार रद्द होऊ शकतात व ऋणमुक्ती नाकारली जाऊ शकते. किंबहुना प्रामाणिक माणसाला बाहेर पडण्याचा रस्ता नसतो तेव्हाच तो लबाडीकडे ढकलला जातो. एका सावकाराचे फेडण्यासाठी दुसऱ्याचे काढणे, जुने बिल नवे करून दाखवणे, हे प्रकार बहुधा शेवटच्या सहा महिन्यांत, सारे दरवाजे बंद झाल्यावर सुरू होतात.

त्या शेवटच्या सहा महिन्यांतच उद्योजकाचीही परीक्षा असते, आणि येथे व्यवस्थेबरोबर व्यक्तीकडेही पाहिले पाहिजे. अपयश स्वीकारणे याचा व्यवहारातला अर्थ वेळेवर थांबणे असा आहे. देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाल्याचे ताळेबंदावरून दिसत असताना आणखी एक ऑर्डर मिळेल या आशेवर घर तारण टाकणारा माणूस शूर नसतो. तो आपल्या अपयशाचा आकार इतरांच्या पैशाने वाढवीत असतो. घरातल्या मताने बंद पडण्याला कलंक ठरवल्यामुळे तो उशिरा थांबतो, आणि झुंजत राहा असे व्यासपीठ सांगते म्हणूनही उशिरा थांबतो. दोन्ही मतांचा परिणाम एकच होतो. आपली स्थिती काहीही न लपवता धनकोंपुढे मांडण्याचे जे धैर्य १८६५ साली लंडनमध्ये दिसले, ते सहा महिने आधी दाखवता आले तर कामगारांचे पगार, पुरवठादाराचे निम्मे तरी देणे आणि स्वतःचे नाव वाचू शकते. परंतु ते दाखवणाऱ्याला जप्ती आणि फौजदारी खटला यांपलीकडचे काही उत्तर मिळेल अशी खात्री समाजाने आधी दिली पाहिजे.

ही खात्री देण्याचे काही मार्ग आजही हाताशी आहेत. संहितेचा तिसरा भाग एकल मालक आणि भागीदारी संस्थांना लागू करणे हे केंद्र शासनाचे काम आहे आणि त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. बिनतारण कर्जासाठी पतहमीची योजना २००० सालापासून अस्तित्वात आहे. तिच्या मर्यादेत बसणाऱ्या कर्जालाही घराचे तारण किंवा नातेवाइकाची हमी मागण्याची सवय बँकांनी सोडली पाहिजे. उधारीवर माल देताना कोरे धनादेश घेण्याची रीत बाजारपेठांतील व्यापारी संघटना स्वतः बंद करू शकतात. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील उद्योजकांच्या संघटनांनी, ज्या आज यशस्वी सभासदांचे सत्कार करतात, बंद पडलेल्या कारखान्यांची टिपणे मालकाचे नाव न देता प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडावा: भांडवल किती व कोठून आले, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात थकला, किती बिले किती दिवस अडकली, कोणता सुटा भाग सर्वाधिक नाकारला गेला, थांबण्याचा निर्णय केव्हा झाला आणि तो केव्हा व्हायला हवा होता. पुढचा कारखानदार मशीनच्या कर्जावर सही करण्यापूर्वी अशी दहा-वीस टिपणे वाचू शकला, तर आधीच्यांनी मोजलेल्या किमतीचा काही भाग तरी त्याला मोजावा लागणार नाही.